सोमनाथचा हजेरीपट

रविवार, १ फेब्रुवारी २००४. पिंपळवंडी

काल मी खोटे बोलले. खोटे बोलणाऱ्या मुलांना छत्तीस वर्षे ओणवे उभे केले आणि काल स्वतःच्या ओट्यावर, चार माणसांसमोर, डोळ्याला डोळा भिडवून खोटे बोलले. हे कुणाजवळ बोलता येत नाही, म्हणून ही वही.

पुण्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सोबत आरोग्य केंद्रातला संपत. मनाच्या आजारांवर त्या संशोधन करतात. माझा भाचा प्रबुद्ध गेल्या वर्षी आजारी पडला. आधी महिनाभर झोप नाही, अखंड बोलणे, भांडणे. मग पुण्याच्या दवाखान्यात. तिथे लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तो माणसांत आला. या गोळ्या काहींना अगदी लागू पडतात, काहींना मुळीच नाही. असे का, आणि ते रक्तातून पुढे उतरते का, हे बाई शोधत आहेत. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाचे थोडे रक्त घेतात आणि वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला आजार, त्याची आकृती काळी भरायची.

प्रबुद्धचा चौकोन भरून झाला. पेन्सिल वर सरकली.

"याचे वडील?"

"पान लागून गेले. सत्त्याहत्तर साली."

"त्यांना कधी असा त्रास?"

"नाही."

चौकोन पांढरा राहिला. संपत स्वतःच्या चपलांकडे बघत होता. प्रबुद्धची बायको तेजस्विनी कपबश्या गोळा करत होती, तिचा हात थांबला. माझे रक्त मागितले तेव्हा मी "पुढच्या खेपेला" म्हणाले.

सोमनाथदादा, माझा थोरला भाऊ, साप चावून गेला नाही. आमच्याच विहिरीत गेला. प्रबुद्ध तेव्हा तीन वर्षांचा होता. बापाविषयी पोराला काही नीटस सांगता यावे म्हणून मी साप आणला. वहिनीही पुढे लवकर गेली. पोर मीच वाढवला. साप तसाच राहिला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ट्रंक उघडली. अकरा हजेरीपट आहेत, जून १९६६ ते एप्रिल १९७७. शाळेतून आणलेले नाहीत. जुन्नरच्या दुकानातून स्वतः विकत घेतलेले.

सहासष्ट साली घाटघरच्या शाळेतून माझी बदली घराजवळ झाली. येऊन पाहते तर दादा गोठ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन महिने. पाटलाच्या वाड्यावरून सल्ले येत होते, अमक्या देवाला न्या, तमक्याचा अंगारा लावा. छप्पन साली वस्तीतून पहिल्यांदा दीक्षा घेतलेला माणूस तो. त्याला अंगारा कोण लावणार? मला येत होते ते मी केले. त्याला पटावर घेतले. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी गोठ्याच्या दारात उभी राहायचे आणि हाक द्यायचे, "सोमनाथ!" उत्तर आले तर ह, नाही आले तर गै.

सव्विसाव्या दिवशी भिंतीकडूनच आवाज आला, "हजर."

मी ह लिहिला आणि शाळेत गेले. त्या दिवशी तिसरीच्या वर्गाला मी एकही छडी मारली नाही, असे आठवते. कारण आठवत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पाने उलटते आहे. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने "उत्तम" लिहिलेले दिवस सापडले की हात तिथेच थांबतो.

अडुसष्टचा फाल्गुन. दादाने एकट्याने नऊ दिवसांत नदीपासून मळ्यापर्यंत चर खणला. एका दिवसात घराच्या चारही भिंती निळ्या रंगवल्या, मग गोठा, मग आक्काबाईचे दार, तिला न विचारता. आक्काबाई आमची शेजारीण. ती ओरडली, "आरं मेल्या, म्हशीला बी लाव की रंग!" तर हा खरेच म्हशीकडे निघाला. सगळी आळी हसत होती. एका सकाळी मला सायकलवर डबल सीट घेऊन थेट नाणेघाटापर्यंत गेला. चढावर उतरू दिले नाही. वाटेत सांगत होता, आणे गावच्या कोरड्या पठारावर पाणी कसे चढवायचे. मोटांची माळ, एकीखाली एक, नदीपासून वरपर्यंत. मंत्र्यांना पत्रे लिहायचा, सुवाच्य अक्षरात उतरवून मी द्यायचे. घाटाच्या तोंडाशी वारा असा होता की पदर सावरता येत नव्हता. दादा कड्यावरून खाली कोकणाला ओरडून सांगत होता, "हजर! हजर!"

सकाळी हाक मारायची गरज नसे. मी उठायच्या आधीच तो अंगणात असे आणि "हजर बाई!" असे ओरडे की म्हैस मान वळवून बघे. ते दिवस सोन्याचे होते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रबुद्धचे आळेफाट्याला मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी जळतात. जळालेली तार काढून नवी भरायची. केसाएवढी तार, एकावर एक, सारख्या ताणाने. आता वीज कमी दाबाने येते, म्हणजे हा हंगामच मोटरी जळण्याचा. आणि त्याचे हात थरथरतात. गोळीने.

आज दुकानात गेले होते. तार तिसऱ्यांदा तुटली. त्याने तुटलेले टोक पुन्हा शोधले. शेजारच्या चहावाल्याने विचारले, "काय राव प्रबुद्धभाऊ, काल जास्त झाली का?" प्रबुद्ध दारूला शिवत नाही. त्याने मान खाली घातली आणि तो हसला. ते हसू मला बघवले नाही.

गोळ्या मी देते, सकाळ-संध्याकाळ, माझ्या हातून. आज संध्याकाळची दिली नाही. "वर्षभर घेतल्यास, पुष्कळ झाल्या," म्हणाले. "माणसाने मनाने उभे राहिले पाहिजे."

"डॉक्टरबाईंना इचारू का?"

"मी विचारेन."

मी विचारणार नाही, हे लिहिताना मला माहीत आहे. तेजस्विनीला सांगितले नाही. ती नको तितकी घाबरते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

हात स्थिर. काल एका दिवसात दोन मोटरी भरल्या. गोळीमुळे सारखा तहान तहान करायचा, तेही गेले.

शनिवार, ६ मार्च

सकाळी अंगणात शीळ ऐकू आली. खिडकीतून पाहिले आणि क्षणभर वाटले, दादाच. तीच मान, तीच उभे राहण्याची ढब. प्रबुद्ध अंगण झाडत होता, पहाटेचे साडेचार. मला बघून म्हणाला, "आत्या, झोपता काय? दिवस कुठल्या कुठं गेला!"

गेल्या वर्षभरात तो इतका बोलला नव्हता. आज शेवग्याच्या शेंगांपासून धरणाच्या राजकारणापर्यंत सगळे बोलला, आणि विनोद असे की मीसुद्धा हसले. तेजस्विनी हसली नाही. भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघत होती.

"आत्याबाई, ह्यांची गोळी चालू हाय ना?"

"माझ्या कामात लक्ष घालू नकोस."

हे खोटे नव्हते. उत्तरच नव्हते.

ट्रंकेतून एक जुना हजेरीपट काढून उशाशी ठेवला आहे. उगीच.

रविवार, १४ मार्च

प्रबुद्धने जाहीर केले की या हंगामात गरीब शेतकऱ्यांच्या मोटरी फुकट भरून देणार. दुकानासमोर रांग लागली. त्याच्या मनाचा मोठेपणा बापाचाच. आक्काबाई ओट्यावर आली, पान लावले आणि म्हणाली, "बाई, सोमनाथ परत आला म्हणायचा."

"हो ना," मी म्हणाले. मला बरे वाटले.

तिने लावलेले पान हातातच धरले. म्हणाली, "आवं, मी कौतिकानं न्हाई म्हनत."

म्हातारी आता काहीही बोलते.

बुधवार, १७ मार्च

तेजस्विनी म्हणते तो चार दिवस झोपलेला नाही. मी म्हणाले, हंगाम आहे. ती म्हणाली, "हंगाम तर सगळ्यांचाच हाय." आणि आत निघून गेली.

सोमवार, २२ मार्च

सकाळी दारात बावीस माणसे. प्रबुद्धने एकोणीस मोटरी उघडून ठेवल्या आहेत, एकही भरलेली नाही. तार वाटून टाकली. शनिवारी दुपारी मोटरसायकल घेऊन गेला तो आलाच नाही. पिके ऐन पाण्यावर आहेत. एक गृहस्थ, आण्याचे, शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी शिकवलंय मला. माझा कांदा पान्याबिगार चार दिवसांत बसंल. शिव्या देत न्हाई, फकस्त मोटर कुठंय ते सांगा." शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तेजस्विनीने औषधांचा डबा आणून माझ्यासमोर पालथा केला. सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट. मोजायची गरज नव्हती.

"तुमी?"

"मी."

ती किंचाळेल असे वाटले होते. तिने एक एक पाकीट उचलून परत डब्यात ठेवले, डबा कमरेला लावला, तान्हे मूल घ्यावे तसा. मग म्हणाली, "माझा नवरा तुमाला तुमचा भाऊ करायचा व्हता."

मंगळवार, २३ मार्च

संपतचा घाटघरहून फोन. प्रबुद्ध नाणेघाटात सापडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून पवनचक्क्यांचा नकाशा समजावत होता. ओठ फुटलेले, आवाज बसलेला, अनवाणी. पोलिसांना बोलवा असे कुणी म्हणत होते. संपतने "माझा पावणा हाय" म्हणून सांभाळले. जीपमध्ये बसेना. शेवटी संपत म्हणाला, "भाऊ, नकाशा पुण्याच्या डॉक्टरबाईंना दाखवायचाय ना? त्या वाट बघत्यात." मग बसला. पुण्याच्या दवाखान्यात नेताना तेजस्विनी सोबत गेली. मला म्हणाली, "तुमी ऱ्हावा."

राहिले.

बुधवार, २४ मार्च

घरात कुणी नाही. अकराही हजेरीपट ओट्यावर मांडले आणि पेपर तपासावेत तसे पहिल्यापासून तपासले.

तांबड्या "उत्तम"च्या सलग ओळी सात ठिकाणी आहेत. कमीत कमी नऊ दिवस, जास्तीत जास्त एकतीस. त्याखाली माझ्याच अक्षरात बारीक टिपा: "दोनला उठला." "जेवला नाही, वेळ नाही म्हणाला." "आईची पाटली विकून वस्तीला बांगड्या भरल्या." "पाटलाच्या पोराशी मारामारी." हे सगळे मी लिहिले आहे, आणि शेजारी उत्तम लिहिले आहे.

प्रत्येक ओळीनंतर महिन्याच्या आत गै सुरू होतो. सातही वेळा. अपवाद नाही.

शेवटचा पट. फेब्रुवारी ७७, तेवीस दिवस उत्तम. खाली माझी सही. मग गै, गै, गै, अकरा एप्रिलपर्यंत. पुढे कोरे.

साध्या ह चे दिवसही आहेत. पुष्कळ आहेत, वर्षाचे सात-आठ महिने. दादा उठला, वैरण घातली, प्रबुद्धला मांडीवर घेतले, बाजारला गेला, आला. त्या दिवसांपुढे शेरा नाही. एकाही दिवसापुढे मी काही लिहिलेले नाही. त्या दिवसांतला दादा कसा बोलायचा, हे आज सकाळपासून आठवते आहे. फार थोडे आठवते. चहा बशीत ओतून आधी माझ्यापुढे सरकवायचा. एवढेच.

अकरा वर्षे पेपर चुकीचा तपासला.

शुक्रवार, २ एप्रिल

पुण्याला जाऊन आले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत उभ्यानेच सांगितले: गोळ्या मी बंद केल्या, दोष प्रबुद्धचा नाही. त्याचे वडील सापाने गेले नाहीत. तो चौकोन भरा.

त्या रागावतील म्हणून तयारी ठेवली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "हात थरथरतात एवढं कळवलं असतंत, तर मी गोळी कमी करून पाहिली असती. पुष्कळदा तेवढ्याने भागतं."

तेवढ्याने. एक पोस्टकार्ड.

मी विचारले, दादाला तेव्हा ही गोळी मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, "ते कुणालाच सांगता येणार नाही. पण प्रबुद्धला ती लागू पडली होती. ते कुठून आलं, तेच आम्ही शोधतोय." मग विचारले, वडिलांच्या आजाराची काही आठवण, काही तारखा? मी म्हणाले, तारखा आहेत. तीन हजार आठशेच्या वर. एका दिवसाची चूक नाही, शेरे सोडून.

त्यांनी पेन खाली ठेवले.

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. दरवर्षी कमानीची रोषणाई प्रबुद्ध करतो. यंदा मुलांनी जमेल तशी केली. दोन माळा पेटल्याच नाहीत. तेजस्विनी पुण्याहून आली आहे. ती माझ्याशी कामापुरते बोलते. आज न सांगता माझ्यापुढे चहा ठेवला.

एकोणीस मोटरींपैकी बारा नारायणगावच्या कारागिराने भरून दिल्या. माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या. बाकी सात शेतकऱ्यांनी आपापल्या नेल्या. आण्याच्या त्या गृहस्थांचा कांदा बसला, पीक हातचे गेले. मी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, तुमी हात जोडू नका, मला पहिलीतल्यासारखी भीती वाटती."

रविवार, ९ मे

प्रबुद्ध घरी. अंगाने निम्मा झाला आहे. भिंतीकडे तोंड करून पडतो. बाई म्हणाल्या होत्या, चढानंतर उतार येतो, यातच जपायचे. परवा लोहार बोलावून विहिरीवर जाळी बसवली. सत्तावीस वर्षांपूर्वी बसवायची होती.

लोहाराच्या घणाचा आवाज ऐकून तो बाहेर आला. विहिरीपाशी येऊन उभा राहिला. मला वाटले, आता सांगावेच लागेल. सांगितले. साप नव्हता, म्हणाले.

"ठावं हाय, आत्या."

"कधीपासून?"

"तिसरीत असताना. आक्काबाईच्या भागूनं सांगितलं, शाळेमागं. गोट्या हरला व्हता म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी दर वर्षी इतक्या मनापासनं सांगायच्या. एका वर्षी साप नाग व्हता, एका वर्षी घोणस. म्हटलं, असू द्या."

तेजस्विनी दारात होती. ती हसली. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग प्रबुद्धही, थोडेसे, तोंडाच्या एका कोपऱ्यातून.

गुरुवार, २० मे

गोळी आता तेजस्विनी देते. कमी मात्रा, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासणी. हात किंचित थरथरतो. आज त्याने जाड तारेची एक जुनी मोटर भरायला घेतली. दुपारभर लागली. तार दोनदा तुटली, दोनदा जोडली. मी शेजारी बसले होते. काही बोलले नाही. हे मला जमत नाही, पण बसले.

रविवार, ६ जून

डॉक्टरीणबाई आणि संपत आले. आज सुपूर्द केले ते असे:

हजेरीपट, नग अकरा, १९६६ ते ७७. प्रती काढून परत देणार, तशी त्यांची सही घेतली आहे. त्यांच्या कामात दादाला नाव नसेल, फक्त आकडा असेल. मी हरकत घेतली. मग त्यांनी समजावले की नाव झाकणे ही त्याचीच राखण आहे, तेव्हा मान्य केले. मात्र पटांवरचे नाव खोडू दिलेले नाही. सातही ठिकाणी "उत्तम" तसेच ठेवले आहे. शेजारी पेन्सिलीने "तपासणाऱ्याची चूक" असे लिहून सही, तारीख घातली.

माझे रक्त, एक नळी. संपतला शीर सापडेना. "बाई, तुमचं रगत बी हट्टी," म्हणाला.

आण्याच्या पठारावर पाणी चढवण्याचा दादाच्या हातचा नकाशा एका पटात घडी करून होता, तो बाईंनी मागितला. तो दिला नाही. तो आजाराचा कागद आहे हे मला कळते. तरी तो दिला नाही.

वंशावळीत दादाचा चौकोन भरायचा होता. पेन्सिल मी मागून घेतली आणि मीच भरला. कडेला थोडी बाहेर गेली.

बारावा हजेरीपट, कोरा, काल जुन्नरहून आणलेला: प्रबुद्धच्या हाती दिला. पेनही दिले. म्हटले, हाक मी मारीन, पण खूण आणि शेरा तुझा. बाई म्हणाल्या, झोपेचे तासही लिहीत जा, उपयोग होईल. त्याने मांडीवर वही धरली. अक्षर थरथरले. लिहिले ते मी चष्मा लावून वाचले:

"६ जून. हजर. झोप साडेसहा तास. शेरा: बरा."

मी त्यात दुरुस्ती केलेली नाही.